भेटकार्ड : देणाऱ्याच्या हातून घेणाऱ्याच्या टोपलीपर्यंत

दिवाळी पंधरा दिवसांवर आली, की आमच्या जळगावात दोन ठिकाणी पाय ठेवायला जागा नसते. एक सराफ बाजार आणि दुसरे फुले मार्केट. तिसरी एक गर्दी मात्र डोळ्यांना दिसत नाही. ती मालकांच्या डोक्यात असते. दालमिल असो, चटईचा कारखाना असो, पाइपाचा असो, की धुळ्याच्या अवधान वसाहतीतले एखादे लहानसे वर्कशॉप असो, 'यंदा माणसांना काय द्यायचे?' हा प्रश्न प्रत्येकाला पडलेला असतो. मिठाईचा पुडा आता हलका वाटतो. भांडे द्यावे, तर घरात त्याच मापाची चार भांडी आधीच पडलेली असतात. पाकिटात नोटा घालाव्यात, तर हिशेबनीस म्हणतो, 'शेठ, रोख दिले की ते पगारात धरावे लागते. कार्ड द्या. कार्ड करमुक्त असते.'

या 'करमुक्त कार्डा'विषयी आज आपल्याशी बोलायचे आहे. ध्वनिक्षेपकासमोर सांगितलेले आकडे कानावरून निघून जातात, छापील पानावर मात्र ते थांबतात. म्हणून इथे आकडेमोड जरा सविस्तर करतो. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. व्यापारी नाही, वकील नाही, आणि सी. ए. तर नाहीच. तथापि या विषयात मी एकदा सल्ला दिला होता आणि तो चुकला होता. त्या चुकीतून जे शिकलो, तेच आज सांगणार आहे.

प्रथम कार्ड म्हणजे काय, ते पाहू. आगाऊ पैसे भरून ठेवलेला हा एक कागद, प्लास्टिकचा तुकडा किंवा फोनवर येणारा नुसता आकडा. त्यावर जेवढी रक्कम असेल, तेवढ्याची खरेदी करता येते. याच्या ढोबळ मानाने दोन जाती. पहिली जात एकाच दुकानाची किंवा एकाच साखळीतल्या दुकानांची. ज्याचे कार्ड, त्याच्याकडेच ते चालणार. दुसरी जात बँकेने किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या कंपनीने काढलेल्या कार्डाची. ते कार्ड घेण्याचे यंत्र ज्या ज्या दुकानात असेल, तिथे तिथे चालते. पहिल्या जातीवर बहुधा शुल्क नसते. उलट, घाऊक घेतली तर दुकानदार थोडी सूटही देतो. दुसरीवर कार्ड काढण्याचे शुल्क असते आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी.

आता कराकडे वळू. मालकाने नोकरमाणसाला पगाराशिवाय काही दिले, तर आयकराच्या दृष्टीने तेही पगाराच्याच पंक्तीला बसते. १९६२ च्या आयकर नियमांतील तिसऱ्या नियमाने याला एक लहानसा अपवाद ठेवला होता. सणासमारंभाला किंवा एरवीही मालकाने कामगाराला अथवा त्याच्या घरच्या माणसाला दिलेली वस्तू, किंवा वस्तूऐवजी दिलेले व्हाउचर वा टोकन, यांची वर्षभराची मिळून किंमत ५,००० रुपयांच्या खाली असेल, तर ती शून्य धरावी असा तो नियम. यात तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, हा आकडा एका सणाचा नाही, सबंध वर्षाचा आहे. दसऱ्याला दिलेले, दिवाळीला दिलेले आणि कारखान्याच्या वाढदिवसाला दिलेले, सगळे एकाच थैलीत पडते. दुसरी, रोख रकमेला आणि रोखीत मोडता येईल अशा भेटीला ही सवलत नाही. बँकेचा गिफ्ट चेक दिला, तर तो रोखीचाच सख्खा भाऊ. तिसरी, ही सवलत नोकरमाणसापुरती आहे. अडते, दलाल, गिऱ्हाईक यांना दिलेल्या भेटींचा हिशेब वेगळा.

१९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली आणि तो लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६. कायदा बदलतो, तसे नियमांचे क्रमांक आणि मर्यादांचे आकडेही बदलतात. म्हणून खरेदी करण्यापूर्वी त्या वर्षीची मर्यादा आपल्या सी. ए. ला विचारून घ्यावी. मी पुढे जो हिशेब मांडतो, तो माझ्या गोष्टीच्या वर्षाचा, म्हणजे २०२४-२५ या आर्थिक वर्षाचा आहे.

ती गोष्ट अशी. माझे एक स्नेही जळगावच्या औद्योगिक वसाहतीत दालमिल चालवतात. माणूस सरळ. त्यांच्याकडे सव्वीस माणसे आहेत. त्यांत एक व्यवस्थापक, एक यंत्रे सांभाळणारा इंजिनियर, मुनीम, ड्रायव्हर, हमाल, आणि डाळ निवडणाऱ्या दहा-बारा बायाबापड्या. २०२४ च्या दसऱ्यानंतर एका संध्याकाळी ते घरी आले. म्हणाले, "सर, यंदा माणशी दोन हजाराचं कार्ड द्यायचं ठरवलंय. एका बँकेनं भाव दिलाय, कार्डामागं शंभर रुपये आणि त्यावर जीएसटी. तुम्ही अर्थशास्त्राचे. हे महाग की स्वस्त?"

मी कागद-पेन्सिल घेतली. एका कार्डामागे ११८ रुपये, सव्वीस कार्डांचे ३,०६८ रुपये. मी म्हणालो, "शेठजी, तीन हजार रुपये फुकट कशाला घालवता? शहरातल्या एखाद्या मोठ्या साखळी दुकानाची कार्डं घ्या. शुल्क शून्य. कपडे, भांडी, किराणा, सगळं एका छपराखाली." त्यांना ते पटले. २४ ऑक्टोबरला कार्डे आली. लक्ष्मीपूजनाच्या आधी ती वाटली गेली, आणि मी तीन हजार अडुसष्ट रुपये वाचवले म्हणून स्वतःवर खूश झालो.

पुढे एप्रिलच्या अखेरीस, आखाजीच्या दोन-तीन दिवस आधी, मी काही कामाने मिलवर गेलो होतो. तिथे निवडणीवरच्या एक मावशी भेटल्या. एरंडोलकडच्या खेड्यातून रोज बसने येतात. त्यांनी पदराच्या गाठीतून ते कार्ड काढले, माझ्यापुढे धरले आणि म्हणाल्या, "सर, हाई कार्ड मरी गये म्हनतस."

मला आधी कळेचना. मग उलगडा झाला. दिवाळीला त्यांनी ते कार्ड वापरलेच नव्हते. देव्हाऱ्यात ठेवून दिले होते. त्यांची लेक आखाजीला माहेरी येणार होती. आपल्या खानदेशात लेकीला आखाजी म्हणजे काय, हे तुम्हांला मी सांगायला नको. तिला त्या कार्डातून चांगलेसे लुगडे घ्यायचे, असा त्यांचा बेत. लेक आली, दोघी मायलेकी जळगावला आल्या, लुगडे निवडले, आणि पैसे देण्याच्या वेळी मुलाने कार्ड यंत्राला लावून सांगितले, 'मुदत संपली.' कार्डाच्या पाठीवर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिले होते, सहा महिने. २३ एप्रिलला ते संपले. आखाजी ३० एप्रिलची. आठ दिवसांचेही अंतर नव्हते.

वाचकहो, दुकानदाराने कोणता कायदा मोडला नव्हता. मुदत छापलेली होती. ती मी वाचली नव्हती, शेठजींनी वाचली नव्हती. मावशींना ती वाचता येण्यासारखी नव्हती. शुल्क शून्य म्हणून मी निवडलेले ते कार्ड त्या घरापुरते सगळ्यांत महाग ठरले. दोन हजारांतले दोन हजार गेले. बँकेचे कार्ड घेतले असते, तर मालकाचे ११८ रुपये गेले असते, पण लुगडे आले असते.

शेठजींना हे सांगितले, तेव्हा त्यांनी एक शब्द न बोलता गल्ल्यातून दोन हजार काढून मावशींच्या हातावर ठेवले. त्यांचे निस्तरले. माझे मात्र मन निस्तरले नाही. मग आम्ही दोघांनी मिळून बाकीच्यांची विचारपूस केली. ड्रायव्हरने कार्ड वापरले होते, पण दोन हजारांत बसेल असे काही मिळाले नाही म्हणून खिशातले सहाशे वर घातले होते. दोन-तीन जणांच्या कार्डावर तीस-चाळीस रुपये शिल्लक राहून गेले होते. तेवढ्यासाठी पुन्हा शहरात कोण येणार? आणि एका हमालाने ते कार्ड शेजाऱ्याला सतराशेला विकले होते. "मला तेल न् साखर पाहिजे होती, सर," तो म्हणाला, "ती आमच्या गल्लीतल्या दुकानात उधारीवर मिळते. तिथं हे कार्ड कोण घेणार?" दोन हजारांचे सतराशे, म्हणजे शेकडा १५ रुपयांची घट. एवढे शुल्क कोणत्याही बँकेने मागितले असते, तर आपण बँकेच्या नावाने खडे फोडले असते.

त्या रात्री मी पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि जो हिशेब आधी करायला हवा होता, तो आता केला. हे सारे कशासाठी चालले होते? कर वाचावा म्हणून. मग वाचला किती? २०२४-२५ साली नव्या पद्धतीत ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नव्हता. पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळे, म्हणजे पावणेआठ लाख पगारापर्यंत कराची काळजी नाही. (२०२५-२६ पासून तर ही ७ लाखांची रेघ १२ लाखांवर गेली.) मिलमधल्या सव्वीस माणसांत ही रेघ ओलांडणारे दोनच होते, व्यवस्थापक आणि इंजिनियर. दोघेही १० टक्क्यांच्या पायरीवर. दोन हजार रोख दिले असते, तर प्रत्येकाचा कर २०० रुपये आणि त्यावर ४ टक्के उपकर ८ रुपये, म्हणजे २०८ वाढला असता. दोघांचे मिळून ४१६ रुपये. उरलेल्या चोवीस जणांचा वाचलेला कर शून्य, कारण त्यांना तो मुळातच नव्हता.

म्हणजे बघा, ४१६ रुपयांचा कर वाचवण्यासाठी बँक ३,०६८ रुपये मागत होती. ते वाचवण्यासाठी मी असे कार्ड सुचवले, की त्यात चोवीस गरजू माणसांच्या पैशाचे पाय बांधले गेले. ज्याला कर नाही, त्याला करमुक्ती कशाची? 'करमुक्त' हा शब्दच असा आहे, की तो कानावर पडला की आपण पुढचे विचारायचे विसरतो. मीही विसरलो.

यातून मला जे उमगले, ते एका वाक्यात सांगतो. कार्डाचे खरे शुल्क पावतीवर छापलेले नसते. देणाऱ्याच्या हातून निघालेल्या रुपयातले घेणाऱ्याच्या टोपलीत किती पोहोचले नाही, ते खरे शुल्क.

हे खरे शुल्क कोणकोणत्या वाटांनी झिरपते, ते क्रमाने पाहू. पहिली वाट उघड आहे, ती कार्ड काढण्याच्या शुल्काची. इथे एक साधी गोष्ट लक्षात ठेवावी. शुल्क ठरावीक असेल, तर लहान रकमेवर त्याचा भार जबर पडतो. कार्डामागे ११८ रुपये जात असतील, तर ५०० रुपयांच्या कार्डावर ते शेकडा साडेतेवीसहून जास्त होतात, दोन हजारांच्या कार्डावर शेकडा सहाच्या आत, आणि साडेचार हजारांच्या कार्डावर शेकडा अडीचच्या जरा वर. म्हणून वर्षातून पाच सणांना पाच लहान कार्डे देण्यापेक्षा एकच ऐवजदार कार्ड द्यावे.

दुसरी वाट मुदतीची. इथे दोन जातींतला भेद फार महत्त्वाचा आहे. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली आगाऊ भरलेल्या साधनांसाठी जे निर्देश काढले, त्यांत भेटकार्डाची कमाल रक्कम १०,००० ठेवली. त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि ते मोडून रोख काढता येत नाही. पण त्याचबरोबर ग्राहकाच्या बाजूनेही काही गोष्टी घातल्या. मुदत किमान एक वर्षाची असावी, मुदत संपण्यापूर्वीच्या ४५ दिवसांत धारकाला सूचना द्यावी, आणि मुदत संपल्यावरही त्याने शिल्लक मागितली तर ती त्याच्या बँक खात्यात परत करावी. हे संरक्षण बँकेच्या किंवा परवानाधारक कंपनीच्या कार्डाला आहे. एखादा दुकानदार केवळ आपल्याच मालासाठी जे कार्ड काढतो, त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, आणि म्हणून हे नियमही त्याला लागत नाहीत. मावशींचे कार्ड या पहिल्या जातीचे होते. तेव्हा शुल्क नाही म्हणून हुरळून जाऊ नये. मुदत वर्षाची आहे की सहा महिन्यांची, हे आधी पाहावे.

तिसरी वाट शिल्लकीची. काही कार्डे एकाच खेपेत पूर्ण वापरावी लागतात, उरलेले गेले ते गेले. चौथी वाट अंतराची. जळगावातले किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरचे दुकान शहरातल्या माणसाला जवळचे. पण कामगार येतो धरणगावहून, पारोळ्याहून, साक्रीकडून, शिंदखेड्याकडून. त्याला घरच्यांना घेऊन शहरात यायचे, तर बसचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी, दोन्ही कार्डातूनच गेली असे समजा. आणि पाचवी वाट नावडतीची. ज्याला तेल हवे, त्याला आपण चादर घ्यायला लावतो. ती चादर त्याच्या लेखी अर्ध्या किमतीची.

इथे मला जुना इतिहास आठवतो. इंग्लंडात कारखान्यांच्या सुरुवातीच्या काळात मालक मजुरांना नाण्यांऐवजी मालाच्या रूपाने किंवा आपल्याच दुकानात चालणाऱ्या बिल्ल्यांच्या रूपाने मजुरी देत. त्या दुकानात भाव चढे आणि माल हलका. हे बंद करण्यासाठी १८३१ साली तिकडच्या पार्लमेंटला ट्रक कायदा करावा लागला. आपल्याकडेही १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने सांगितले, की मजुरी चलनी नाण्यांत किंवा नोटांत द्यावी. त्यामागची भावना एवढीच, की कष्टाचा पैसा कुठे खर्च करायचा हे कष्ट करणाऱ्याने ठरवावे. आजचे भेटकार्ड त्या बिल्ल्याइतके वाईट नाही, हे मी मान्य करतो. ते मजुरीच्या वर दिलेले असते आणि प्रेमाने दिलेले असते. पण घराणे तेच आहे, हे विसरू नये.

बोनसचेही तसेच. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांना भरघोस नफा झाला आणि मालकांनी काही वर्षे कामगारांना बोनस दिला. १९२३ चा बोनस नाकारला गेला, तेव्हा १९२४ च्या आरंभी गिरण्यांत मोठा संप झाला. सरकारने नेमलेल्या समितीने निर्णय दिला, की बोनस हा कामगारांचा कायदेशीर हक्क नव्हे. म्हणजे तेव्हा तो बक्षिसीच होता. त्याचा हक्क व्हायला १९६५ चा बोनस कायदा यावा लागला. अमळनेरच्या प्रताप मिलच्या, जळगावच्या खानदेश मिलच्या, धुळ्याच्या न्यू प्रताप मिलच्या भोंग्यावर ज्या घरांची घड्याळे लागत, त्या घरांना या कायद्याचे मोल सांगावे लागत नसे. आज त्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे, आणि किमान ८.३३ टक्क्यांचे प्रमाण तिनेही ठेवले आहे. तेव्हा ज्यांना बोनस लागू आहे, त्यांच्या बोनसच्या ऐवजी कार्ड देण्याचा विचारही कोणी मनात आणू नये. बोनस हक्काचा आहे आणि तो पैशातच द्यायचा. भेट खुशीची आहे आणि ती वेगळी द्यायची. पगार वाढवायचे टाळून कार्डांची खैरात करणे, हेही त्यातलेच. सालदार ठेवताना रोख रकमेबरोबर धान्य, कपडे, वहाणा ठरवण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. पण कपडे दिले म्हणून रोख कापली, तर जाणता सालदार पुढच्या साली दुसऱ्याच्या खळ्यावर दिसतो.

बाहेरच्या देशांत काय चालते, तेही थोडक्यात सांगतो. अमेरिकेत मालकाने दिलेले भेटकार्ड म्हणजे रोखच समजतात. ते कितीही लहान असो, त्यावर कर लागतो. इंग्लंडात एका वेळची भेट ५० पौंडांपर्यंत असेल आणि रोख नसेल, तर कर नाही. आयर्लंडने २०२५ पासून वर्षाला पाच भेटी, मिळून १,५०० युरोंपर्यंत, मोकळ्या केल्या. म्हणजे सवलत द्यावी की नाही, किती द्यावी, यावर शहाण्या देशांचेही एकमत नाही. भेट घेणाऱ्याला उपयोगी पडावी, हे मात्र सर्वांनाच मान्य असावे.

मग कार्ड कधीच देऊ नये काय? असे मी म्हणत नाही. ज्याला कर लागतो, त्याला मर्यादेच्या आतले कार्ड दिले तर त्याचा खरोखर फायदा आहे. २० टक्क्यांच्या पायरीवरच्या माणसाला साडेचार हजारांचे कार्ड मिळाले, तर त्याचे उपकरासह ९३६ रुपये वाचतात. त्यापुढे ११८ रुपयांचे शुल्क काहीच नाही. तिथे शुल्कांची तुलना जरूर करावी. तीन ठिकाणचे भाव लेखी मागवावेत, आणि शुल्काबरोबर चार प्रश्न विचारावेत. शिल्लक पाहायला पैसे पडतात काय? कार्ड हरवले तर दुसऱ्याला किती? मुदत किती? रक्कम थोडी थोडी वापरता येते काय? जो या चार प्रश्नांची उत्तरे लेखी देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये. आणि मालकाने हेही लक्षात ठेवावे, की भेट म्हणून दिलेल्या मालावरचा जीएसटी त्याला आपल्या करातून वळता करून घेता येत नाही. तो खर्चातच धरायचा.

पण त्याआधी पाचवा, किंवा खरे तर पहिला प्रश्न आपल्या माणसांना विचारावा, 'तुला काय हवंय?' हा प्रश्न विचारायला शुल्क लागत नाही. आणि आश्चर्य हे, की तोच आपण विचारत नाही.

शेठजींनी २०२५ च्या नवरात्रात तो विचारला. निवडणीच्या शेडमध्ये सगळ्यांना बसवून, चहा पाजून विचारला. सोळा जणांनी रोख मागितले. ते रोख दिले गेले आणि वह्यांत रोख म्हणूनच लिहिले गेले, लपवाछपवी नाही. आठ जणांनी किराणा मागितला. त्यांना दाणाबाजारातून तेल, साखर, रवा, मैदा भरून दिला. उरलेल्या दोघांना, म्हणजे व्यवस्थापकाला आणि इंजिनियरला, बँकेची कार्डे दिली. मुदत वर्षाची. ती मी स्वतः चष्मा लावून वाचली.

धुळ्याला माझे मेहुणे आहेत. त्यांचे नऊ माणसांचे वर्कशॉप आहे. त्यांना ही हकीकत सांगितली, तर ते हसले. म्हणाले, "दाजी, आम्ही एवढी अर्थशास्त्रं शिकलो नाही. आम्ही आपले जवळच्या किराणावाल्याला सांगून ठेवतो, या नऊ जणांच्या नावावर दीड-दीड हजार लिहा. त्यांना लागेल ते द्या, लागेल तेव्हा द्या. रोख तेवढे देऊ नका. उरेल ते पुढच्या दिवाळीपर्यंत वहीत राहू द्या. बिल माझ्याकडे पाठवा." शुल्क नाही, यंत्र नाही, मुदत वर्षाची, शिल्लक बुडत नाही, आणि दुकान कामगाराच्या वाटेवरचे. जे मी दोन वर्षांत चुकत-माकत शिकलो, ते पाचकंदील भागात माल घेणाऱ्या माणसाला आधीच ठाऊक होते.

मावशी अजून मिलवर येतात. परवा भेटल्या, तेव्हा मी विचारले, "मावशी, यंदा काय घेतलं?" त्यांनी रोख घेतले होते. पैकी निम्मे लेकीच्या नावाने पोस्टात टाकले आणि निम्म्याचे तेल भरले. म्हणाल्या, आखाजीला लुगडे घ्यायचेच आहे, पण आता घाई नाही. पैसे मरत नाहीत.

वाचकहो, येत्या दिवाळीला आपणही कुणाला काही देणार असाल, तर द्याच. हात आखडू नका. फक्त देण्याआधी कार्ड पालथे करून त्याच्या पाठीवरची बारीक अक्षरे एकदा वाचा. ज्याला ते द्यायचे, त्याला ती वाचता येतील असे धरून चालू नका.